ओटावातील ओलावा

कॅनडाच्या राजधानीत हिवाळा काढावयास आम्ही उभयता निघालो तेव्हा लष्करातील आमच्या स्नेह्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती : गोठलेल्या कालव्यावरून चालल्यावाचून परत येऊ नका. हा रिडो कालवा कर्नल जॉन बाय या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली १८३२ साली पुरा झाला. अमेरिकेशी पुन्हा युद्ध जुंपलेच तर सेंट लॉरेन्स नदीचा सरहद्दीवरचा मार्ग टाळून रसद नेता यावी, या हेतूने ओटावापासून किंग्स्टनपर्यंत २०२ किलोमीटरांचा हा जलमार्ग बांधला गेला. ते युद्ध काही झाले नाही. पुढे शहरातील ७.८ किलोमीटरांचा भाग हिवाळ्यात गोठला की लोक त्यावरून स्केटिंग करू लागले, कोणी तर कचेरीलाही त्यावरूनच जाऊ लागले. १९७१ पासून हा शिरस्ता अखंड चालू होता. आम्ही गेलो तो २०२२-२३ चा हिवाळा. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात, पन्नासाहून अधिक वर्षांत प्रथमच, कालव्यावरचे बर्फ पुरेसे जाड झाले नाही व तो लोकांसाठी उघडलाच नाही.

तेव्हा कालव्याच्या वर्णनाच्या आशेने ज्यांनी हे पान उघडले असेल त्यांची निराशा होणार. पार्लमेंटच्या इमारती, वस्तुसंग्रहालये, ट्यूलिपचे ताटवे यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे व ते सर्व खरे आहे. आम्ही मात्र त्या शहरात सात महिने राहिलो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दिवस एका तळघराची भिंत न्याहाळण्यात घालविले.

आम्ही गेलो होतो लेकीच्या बाळंतपणासाठी. ऑक्टोबरच्या प्रारंभी पोहोचलो, महिनाअखेर नात झाली. जावईबापूंचे घर नेपियन भागात आहे. १९७० च्या सुमाराचे, वर लाकडी आणि जमिनीखाली काँक्रीटचे. आमची निजण्याची व्यवस्था तळघरात केली होती. खाली गालिचा, भिंतींना लाकडी रंगाच्या तक्तपोशी, छताशी हातभर रुंदीची एक खिडकी. पहिल्याच रात्री पायऱ्या उतरताना आमची सौ. थबकली व म्हणाली, “मानमंदिराचा वास येतोय.”

ग्वाल्हेरकरांस याचे स्पष्टीकरण नको, इतरांसाठी सांगतो. आमच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर याने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधलेला जो महाल आहे त्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत. वर निळ्या बदकांच्या पट्ट्या पाहून खाली उतरले की गोल दालने लागतात, भिंतीतील झरोक्यांतून वारा येतो आणि बाहेर मे महिन्याची लू वाहत असताना अंगावर शिरशिरी येते. हीच दालने पुढे मोगलांनी तुरुंग म्हणून वापरली हे खरे, पण बांधणाऱ्याचा हेतू गारव्याचा होता. आमच्या आजोळच्या घरातही तहखाना होता. दुपारी बारानंतर सारे घर तेथे उतरे आणि दिवेलागणीला वर येई. जमिनीखाली काही हात गेले की ऋतूंची ये-जा थांबते आणि वर्षभराची सरासरी तेवढी उरते. ती सरासरी आमच्याकडे सुमारे पंचवीस अंश, म्हणून आमचा तहखाना म्हणजे सुख. ओटावात तीच सरासरी सात-आठ अंश. तेवढ्या एका आकड्याच्या फरकात पुढील सर्व कथा आहे.

मग अशा देशात घराखाली खड्डा खणावाच कशाला? कारण तेथे जमीन गोठते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि पायाखालची ओली माती फुगली तर अख्खे घर उचलते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो; ओटावाकडे साधारण दीड मीटर. एवढे खोल खणल्यावर आणखी थोडे खणून खोलीच का करू नये, असा विचार होऊन तळघरांची रीत पडली. त्यातून ओटावाची माती चमत्कारिक आहे. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाच्या शेवटी तेथे समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. त्याच्या तळाशी बसलेला निळसर चिकण गाळ आजही घरांच्या पायाखाली आहे. त्यातून पाणी निथळत नाही, भिंतीला टेकून उभे राहते.

महिन्याभरात सौ. ला खोकला जडला. प्रथम प्रवासाचा म्हटला, मग हवाबदलाचा. खोकणाऱ्या माणसाने तान्ह्या बाळाजवळ जाऊ नये असे दवाखान्यातून निक्षून सांगितले होते. जी बाई सात समुद्र ओलांडून नातीला न्हाऊमाखू घालण्यास आली होती ती दाराच्या चौकटीबाहेर तोंडावर पट्टी बांधून उभी राही, आणि आत परिचारिका बाळाला कसे धरावे हे लेकीला शिकवी. चार-पाच दिवस वरच्या बैठकीत निजली की खोकला उतरे. खाली गेली की पुन्हा चढे. ही गोष्ट ध्यानात आली ती लेकीच्या, आमच्या नव्हे. नोव्हेंबरच्या एका रविवारी जावईबापूंनी पहार घालून उत्तरेच्या कोपऱ्यातील एक तक्ता उचकटला.

मागे काचेची लोकर होती. ती मूळची पिवळी असावी. आता खालचा दीड हात काळा पडला होता व हाताला ओल्या बोळ्यासारखी लागत होती. तिच्यावर खोलीच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद ताणला होता आणि त्याच्या आतल्या अंगावरून थेंब ओघळत होते. लाकडी चौकटीची तळपट्टी थेट काँक्रीटवर टेकविलेली. तिच्यात बोटाचे नख सहज शिरले. काँक्रीटला पांढरा लोणा लागला होता. घर विकणाऱ्याने ‘तळघर नुकतेच सजविले आहे’ असे सांगून त्याचे वेगळे पैसे लावले होते, ही आठवण त्या वेळी कोणी काढावयास नको होती. पण आम्ही काढली.

येथे आमची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे ओल या विषयावर आपण अधिकारवाणीने बोलू शकतो अशी आमची समजूत होती. आम्ही तात्काळ निदान केले : जुने प्लॅस्टिक फाटले आहे, नवे जाड घाला आणि भिंतीला जलरोधक गिलावा करा. एका कंत्राटदारालाही बोलाविले. तोही नेमके हेच म्हणाला व वर अकरा दिवसांत काम संपवून देतो म्हणाला. जावईबापू संगणकावर काम करणारे गृहस्थ, त्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. ते फक्त म्हणाले, “बाबा, प्लॅस्टिक फाटलं असतं तर थेंब त्याच्या आत अडकून कसे राहिले असते?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते पुढील आठवडाभर जावईबापूंनी वाचून काढले. वाचावयास त्यांना दूर जावे लागले नाही, कारण थंड प्रदेशातील घरे का कुजतात याचा पद्धतशीर अभ्यास ज्या मोजक्या ठिकाणी झाला त्यांत ओटावाचीच राष्ट्रीय संशोधन परिषद आहे. तिच्या इमारतशास्त्र विभागाने १९६० पासून बांधणाऱ्यांसाठी छोट्या पुस्तिकांची मालाच काढली होती. आम्ही त्यांतील काही चष्मा लावून वाचल्या. सरकारी खात्याने एवढे सरळ लिहावे याचे आम्हांस, निवृत्त सरकारी नोकर म्हणून, नवल वाटले.

मुद्दा असा. हिवाळ्यात घरातील ऊबदार हवेतली वाफ थंड भिंतीकडे धावते, म्हणून तेथे वरच्या मजल्यांच्या भिंतींत ऊबदार बाजूला प्लॅस्टिक घालतात. ते योग्यच आहे. पण तळघराच्या भिंतीला बाहेर हवा नाही, ओली माती आहे. काँक्रीट दिसते दगडासारखे, परंतु त्यात बारीक नळ्यांचे जाळे असते आणि ते पाणी वर ओढून घेते. वळचणीचे पाणी आढ्याला जाणे ही आपल्याकडे अशक्याची खूण; काँक्रीट ते खुशाल नेते. म्हणजे येथे ओल बाहेरून आत येणारी, आणि आपण तिच्या वाटेवर नेमके शेवटी दार बंद केलेले. दार आणि भिंत यांमध्ये लोकर व लाकूड. ते कुजणार नाही तर काय होणार? तेथील जाणत्यांतही या प्रश्नावर दुमत आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु आमच्या पुढ्यात कुजलेली तळपट्टी होती.

ओल दोन वाटांनी येते, आणि कोणती आपली हे कळल्यावाचून उपाय करू नये. यासाठी एक घरगुती कसोटी आहे. प्लॅस्टिकचे वीतभर चौकोन कापून उघड्या काँक्रीटवर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करावयाचे आणि दोन दिवस ठेवावयाचे. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले तर भिंत पाझरते आहे. पुढे, खोलीच्या बाजूला आले तर हवेतील वाफ भिंतीवर थिजते आहे. आमच्या सौ. ला हे समजावून सांगू लागलो तर ती मध्येच म्हणाली, “म्हणजे भिंत माठ आहे की तांब्या, एवढंच ना?” माठाला आतले पाणी बाहेर येऊन ओल सुटते. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला जो घाम फुटतो तो तांब्यातला नसतो, हवेतला असतो. पुस्तिकांत हे आठ पानांत होते.

आमची भिंत दोन्ही निघाली. उत्तरेच्या कोपऱ्यात खालचा चौकोन मागून भिजला, तेथे माठ. छताजवळचे दोन चौकोन पुढून भिजले, तेथे तांब्या. कारण काँक्रीटचा तेवढा भाग जमिनीच्या वर असून थेट थंडीत उघडा होता. उन्हाळ्यात हे चित्र उलटते, असे जावईबापूंनी सांगितले. जुलैची दमट हवा, चोवीस अंशांची व साठ टक्के आर्द्रतेची, सोळा अंशांखालच्या वस्तूला लागली की थेंब धरते. आणि तळघराची खालची भिंत तेव्हाही त्याहून गार असते. ग्वाल्हेरचा तहखाना असा घामेजत नाही, कारण आमची जमीन पंचवीस अंशांची आणि मे-जूनची हवा कोरडी ठक्क. (श्रावणात मात्र तेथल्या गाद्यांना जो वास येई तो आठवा.)

माठाचा उपाय भिंतीच्या आत नव्हता, बाहेर होता. छपराच्या पन्हळीचा नळ त्याच कोपऱ्यात, भिंतीला लागून रिकामा होत होता आणि अंगणाचा उतार घराकडे होता. आमच्या खात्यातील कोणताही मिस्त्री हे पहिल्या फेरीत पाहता. आम्ही सहा आठवडे त्या अंगणात चहा पिऊन ते पाहिले नव्हते. जमीन गोठण्यास अवघे काही दिवस उरले होते. जावईबापूंनी माती आणविली, आम्ही फावडे धरले, नळाला दोन मीटरांची जोड दिली आणि उतार घराबाहेर वळविला. तीन दिवसांनी बर्फ पडले.

त्यानंतर महिनाभर काहीच केले नाही. हाच या कामातील सर्वांत अवघड भाग. काळी लोकर व तक्ते मुखवटे लावून पिशव्यांत भरून बाहेर काढले, काँक्रीट घासून धुतले आणि भिंती उघड्या ठेवल्या. हिवाळ्यात भट्टीने तापलेली घरातील हवा फार कोरडी असते, ती भिंत सुकविते. तेवढ्यात रेडॉन या वायूची डबीही तळघरात ठेवून दिली. हा वायू जमिनीतून येतो, त्याला वास नाही, आणि तो फुप्फुसांना घातक आहे. कॅनडा सरकारने घरातील हवेसाठी घनमीटरला २०० बेकेरेल ही पातळी ठरविली असून मोजणी तीन महिने चालते. आमच्या डबीचे उत्तर पुढे त्याच्या बरेच खाली आले.

जानेवारीत काम सुरू झाले. प्रथम काँक्रीटला फेसाचे गुलाबी तक्ते चिकटविले, दोन इंच जाड. या फेसाला पॉलिस्टायरिन म्हणतात. तो पाणी पीत नाही व कुजत नाही. सांधे लाल चिकटपट्टीने बंद केले आणि कडांच्या फटीत डबीतला फुगणारा फेस भरला. पाटीइतकीही फट राहता कामा नये, कारण खोलीची हवा थंड काँक्रीटला भेटूच नये हा सारा खटाटोप. काँक्रीट त्यामागे ओलसर राहिले तरी हरकत नाही. त्याला खाण्यासारखे तेथे काही नाही. वरच्या बाजूस आपल्या कडीपाटासारख्या लाकडी कड्यांची टोके भिंतीवर टेकतात. तेथे दोन-दोन कड्यांमधल्या प्रत्येक खणात फेसाचा तुकडा मापून बसवावा लागतो. असे चौतीस खण होते. ते आमच्याकडे आले, कारण म्हाताऱ्या माणसाला वेळ असतो.

फेब्रुवारीच्या ३ आणि ४ तारखांना पारा उणे तीसच्या खाली गेला. त्या रात्री आम्ही हात लावून पाहिले. फेस लावलेली भिंत टेबलासारखी, ना गार ना गरम. उत्तरेचा कोपरा आम्ही मुद्दाम उघडा ठेवला होता. तेथे वरच्या कडेला काँक्रीटवर चक्क हिमाची पांढरी जरी उमटली होती.

मग चौकटी. दोन बाय चारची लाकडे म्हणतात ती प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतात. रंधून गुळगुळीत करण्यात उरलेले गेले असे दुकानदार सांगतो. देशाने मीटर-लिटर स्वीकारून पन्नास वर्षे होत आली तरी सुतारकाम इंचांतच चालते. “आमचा दूधवाला बरा, तो निदान पाणी तरी देतो,” असा सौ. चा शेरा. चौकट जमिनीवर आडवी जुळवावयाची : तळपट्टी, माथपट्टी आणि मध्ये सोळा-सोळा इंचांवर उभी लाकडे. सोळाच का, तर पुढे जे जिप्समचे तक्ते बसवावयाचे ते चार फूट रुंद, त्यांची कड नेमकी लाकडाच्या मध्यावर यावी म्हणून. तळपट्टीखाली फेसाची पातळ पट्टी अंथरली, लाकूड काँक्रीटला शिवू नये यासाठी. हातोडीच्या ड्रिलने फरशीत भोके पाडून तिला पेच मारले आणि माथपट्टी वरच्या कड्यांना अडकविली.

आमच्या तीस वर्षांचा उपयोग झाला तो येथे. काँक्रीटची भिंत डोळ्यांना सरळ दिसते, पण ती मध्ये बोटभर पोटफुगी निघाली. जावईबापू चौकट भिंतीला दाबून बसवू पाहत होते. आम्ही दोरा आणि एक जड नट घेऊन ओळंबा केला, तो वरून सोडला आणि म्हटले, भिंतीचे ऐकू नका, याचे ऐका. चौकट फेसापासून अर्धा इंच सोडून उभी केली. भिंत वाकडी राहिली, खोली सरळ झाली. जावईबापूंच्या पेटीत किरण टाकणारे यंत्र होते, त्यानेही आमच्या दोऱ्यास मान्यता दिली.

उभ्या लाकडांमध्ये दगडी लोकर भरली. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, ती पाण्याने लवकर भिजत नाही आणि जळत नाही. तेथे ऊब अडविण्याचे माप ‘आर’ या अक्षराने सांगतात. आठ इंची काँक्रीट त्या मापाने एक देखील भरत नाही. दोन इंच फेस दहा, साडेतीन इंच लोकर चौदा. लोकर ठासून भरावी असे आम्हांस वाटले, तेही चूक. ऊब लोकरीत नसते, तिच्यात अडकलेल्या हवेत असते. रजई जुनी होऊन दडपली की आपण ती पिंजाऱ्याकडे देतो ते याचसाठी. तेव्हा तुकडा अर्धा इंच मोठा कापून हलकेच सरकवावयाचा आणि विजेच्या तारेमागे चेपण्याऐवजी तो मधून चिरून तार त्यात बसवावयाची. तारा झाकण्यापूर्वी सरकारमान्य तपासनीस येऊन पाहून गेला. त्याने चहा घेतला नाही.

चौकटी उभ्या राहत असतानाच लेकीने विचारले, “बाबा, मोठी खिडकी कुठं हवी?” प्रश्न साधा नव्हता. खोलीला शयनगृह म्हणावयाचे तर आग लागल्यास माणूस बाहेर पडेल अशी खिडकी कायद्याने हवी : उघडलेली जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरांहून कमी नाही. जुनी खिडकी त्यात बसत नव्हती. (तीत महिनाभर निजून आम्ही याचा विचारही केला नव्हता.) नवी पाडावयाची म्हणजे काँक्रीट कापणे, अभियंत्याचा नकाशा, नगरपालिकेची परवानगी आणि बराच पैसा, तो खर्च निजणारे कोणी असेल तरच करावा. निजणारे कोण, हे तिने सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. लष्करातील घर आता मोठे पडते, जिना चढवत नाही, ते काढून टाकून येथे या, हे तिने दोन वर्षांपूर्वी दूरध्वनीवर म्हटले होते. तेव्हा सौ. ने विषय बदलला होता. या वेळी ती म्हणाली, “ऊन कुठून येतं ते बघून सांगू.” जावईबापूंनी काही न बोलता पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, दोन्ही चौकटींत खिडकीपुरती जागा सोडली.

मार्चअखेर तीन भिंतींना जिप्समचे तक्ते लागले. खाली बोटभर सोडून, म्हणजे फरशीवर पाणी आलेच तर तक्ता ते शोषणार नाही. फेस उघडा ठेवणे आगीच्या दृष्टीने घातक, म्हणून तो झाकावाच लागतो. उत्तरेचा कोपरा तेवढा उघडा ठेवला. वितळते बर्फ ही त्याची परीक्षा होती.

परीक्षा ठरल्याहून कडक झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी ओटावा आणि माँट्रियल भागांत गोठता पाऊस पडला. हा पाऊस थेंबांच्या रूपाने येतो आणि जेथे पडेल तेथे काच होऊन बसतो. दुपारपर्यंत झाडांच्या फांद्या तोफेसारख्या आवाजाने मोडू लागल्या, तारा तुटल्या आणि ओंटारिओ व क्वेबेक मिळून दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमचीही गेली. वीज गेली म्हणजे भट्टी गेली, आणि भट्टीच्या खोलीत फरशीखाली जो पाण्याचा खड्डा असतो त्यातला पंपही गेला. पायाभोवतीच्या सच्छिद्र नळांतून येणारे पाणी त्या खड्ड्यात साचते. वर पाऊस, खाली वितळणारे बर्फ, आणि माती पाणी न सोडणारी.

संध्याकाळी सातला जावईबापूंनी झाकण उचलून पाहिले तर पाणी काठापासून वीतभर खाली होते. मग बादल्या. ते खाली वाकून भरत, आम्ही पायऱ्यांपर्यंत नेत असू आणि तेथून शेजारचे एक चिनी गृहस्थ अंगणाच्या दूरच्या टोकाला ओतीत. त्यांच्या घरचे पाणी उताराने गटारात जात असल्याने ते मोकळे होते. दर वीस मिनिटांनी आठ-दहा बादल्या. रात्री अकराला वरच्या मजल्यावर चौदा अंश झाले आणि बाळाचे नाक लाल दिसू लागले. लेकीने विजेरीचा झोत टाकून तळघरातील तापमापक पाहिला. तेथे सतरा होते.

तेव्हा सारे घर खाली उतरले. नव्या भिंतीशी गाद्या घातल्या, कर्बवायूचा बॅटरीवर चालणारा इशारादर्शक उशाशी ठेवला. अशा रात्री लोक घरात शेगड्या पेटवितात आणि झोपेतच जातात, म्हणून लेकीने निरांजनही लावू दिले नाही. सौ. ला डिसेंबरपासून खोकला नव्हता. ती भिंतीला पाठ टेकून बसली, बाळ मांडीवर घेतले, आणि आजोळच्या तहखान्यात दुपारी जे गाणे म्हणत असू ते अर्धवट आठवत म्हणू लागली. पलीकडच्या खोलीतून बादलीचा आवाज येत होता.

पहाटे चारच्या सुमारास पाणी चढावयाचे थांबले. उजाडल्यावर आम्ही विजेरी घेऊन उत्तरेच्या कोपऱ्याशी गेलो. प्लॅस्टिकचा चौकोन काढून मागे हात लावला. काँक्रीट गार होते. कोरडे होते. वीज दुसऱ्या दिवशी रात्री आली. जावईबापूंनी त्या आठवड्यात पंपासाठी मोठी बॅटरी आणली, तो खर्च प्रथमच करावयास हवा होता असे म्हणाले, आणि ते खरे होते. एप्रिलअखेर कोपरा फेस, चौकट, लोकर घालून बंद झाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परतलो. कालव्यात तेव्हा नावा येऊ लागल्या होत्या.

लेक दर रविवारी दूरध्वनी करते. त्या उन्हाळ्यात बाळाच्या वजनानंतर ती आर्द्रतेचा आकडा सांगे. ओल शोषणारे यंत्र लावून जुलैत तो पन्नासच्या आत राहिला. त्याच महिन्यातील एका रविवारी जावईबापूंनी दूरध्वनी घेतला आणि विचारले की काँक्रीट कापणारे लोक पुढील आठवड्यात मोकळे आहेत, तर खिडकी कोणत्या बाजूला सांगू. आम्ही सौ. कडे पाहिले. ती गच्चीवरून पापड काढून आणीत होती, हात भरलेले होते.

“पूर्वेकडे,” ती आतूनच म्हणाली.